इम्पेडिमेंट: वाटेतला अडथळा आणि पायातला अडथळा

उदगीरहून एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे. त्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. रोमन इतिहासावरच्या एका इंग्रजी उताऱ्यात त्यांना 'इम्पेडिमेंटा' हा शब्द भेटला. 'इम्पेडिमेंट म्हणजे अडथळा' हे पाठ असल्यामुळं त्यांनी 'सैन्यानं आपले अडथळे मागे ठेवले' असं भाषांतर केलं. क्लासमधल्या सरांनी ते चुकीचं ठरवून तिथं 'सामानसुमान' लिहायला सांगितलं. आता त्यांचा प्रश्न असा की अडथळा आणि सामान हे दोन अर्थ एकाच शब्दाला कसे चिकटले आणि हा शब्द मुळात आला कुठून.

सरांनी सांगितलं ते बरोबर आहे. पण कारण कळल्याशिवाय हा शब्द डोक्यात बसणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा जन्म इंग्रजी शिकवण्यात आणि भाषांतरं तपासण्यात गेला आहे. शब्दाचं मूळ कळलं की त्याचा वापर आपोआप नीट होतो, हा माझा अनुभव आहे.

शब्द लॅटिन आहे. लॅटिनमध्ये पायाला 'पेस' म्हणतात आणि विभक्ती लागली की त्याचं 'पेद-' असं रूप होतं. त्याच्याआधी 'इन' हा उपसर्ग लागून 'इम्पेदीरे' हे क्रियापद झालं. अर्थ : पाय गुंतवणं, पाय जखडणं. ज्या वस्तूनं पाय जखडतो ती 'इम्पेदिमेंतुम', आणि अशा अनेक वस्तू म्हणजे 'इम्पेदिमेंता'. 'मीडियम'चं 'मीडिया' होतं, तसंच हे अनेकवचन. इंग्रजीनं एकवचनाची शेपटी तोडून 'इम्पेडिमेंट' केलं आणि अनेकवचन मात्र जसंच्या तसं 'इम्पेडिमेंटा' म्हणून ठेवलं. दोघांचे संसार पुढं वेगळे झाले, म्हणून तुमचा गोंधळ उडाला.

इथं एक फरक मनात पक्का करून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. 'ऑब्स्टॅकल' हाही लॅटिनच शब्द. त्यात 'ओब' म्हणजे समोर आणि 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. आपल्या संस्कृत 'स्था' धातूचा हा सख्खा भाऊ. ऑब्स्टॅकल म्हणजे वाटेत समोर उभं ठाकलेलं काहीतरी : दरड, भिंत, नदीचा पूर. तुम्ही धडधाकट असता, वाट बंद असते. इम्पेडिमेंटमध्ये वाट मोकळी असते, पण पाय मोकळे नसतात. शब्दकोश दोन्हींसमोर 'अडथळा' लिहून मोकळे होतात आणि हा फरक विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाही.

खेड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लोढण्याइतकं चांगलं उदाहरण नाही. ओढाळ गाय असते, जरा नजर चुकली की दुसऱ्याच्या ज्वारीत शिरणारी. तिच्या गळ्यात दोरीनं किंवा साखळीनं लाकडाचा एक ओंडका बांधतात. तो पुढच्या दोन पायांच्या मध्ये, गुडघ्यांच्या उंचीला लोंबतो. गाय सावकाश चरत चालली तर तो नुसता हलतो, तिला काही होत नाही. तिनं पळायला घेतलं की प्रत्येक ढांगेला गुडघ्यावर आदळतो आणि चार ढांगांत ती थांबते. शेताला कुंपण नाही, बांध ओलांडायला मोकळा आहे, तरी गाय जात नाही. लॅटिन माणसानं 'इम्पेदीरे' म्हटलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं असंच काहीतरी होतं.

आता सामानाकडं येऊ. रोमन फौज कूच करायची तेव्हा सैनिकाच्या पाठीवर त्याचं स्वतःचं गाठोडं असे, त्याला 'सार्किना' म्हणत. तंबू, धान्य, दळायची जाती, अवजारं हे जड सामान खेचरांवर आणि गाड्यांवर लादून मागून चाले. हे सगळं मिळून 'इम्पेदिमेंता'. नाव सैनिकांच्या अनुभवातून पडलेलं आहे. सामानाशिवाय फौज जगत नाही आणि सामान घेऊन फौज धावत नाही. फौजेचा वेग शेवटी सर्वांत मागच्या खेचराचा वेग असतो.

ज्युलियस सीझरनं आपल्या गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, मोहिमेची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. तीत इसवी सन पूर्व ५७ मधला एक प्रसंग आहे. नर्व्ही नावाच्या टोळीला खबर लागली होती की रोमन फौज चालताना प्रत्येक लीजनच्या, म्हणजे फौजेच्या मोठ्या तुकडीच्या, मागं तिचं सामान असतं, त्यामुळं दोन लीजनमध्ये बरंच अंतर पडतं. त्यांनी बेत केला की पहिली लीजन छावणीच्या जागी पोचली आणि अजून पाठीवरची गाठोडीही उतरली नाहीत, तोवर तिच्यावर तुटून पडायचं. ती मोडली आणि सामान लुटलं की मागच्यांचा धीर आपोआप सुटेल. पण शत्रू जवळ आला म्हणून सीझरनं रचना बदलली होती. पुढं सहा लीजन सामानाविना, त्यांच्यामागं सगळं सामान एकत्र, आणि सर्वांत शेवटी राखणीला दोन नव्या लीजन. रानात दबा धरून बसलेल्या नर्व्हींना सामानाची पहिली खेचरं दिसली आणि ठरल्याप्रमाणं ते धावून आले. समोर एकाऐवजी सहा लीजन होत्या. तरीही लढाई रोमनांच्या अंगाशी येता येता राहिली. त्या सामानाविना चालणाऱ्या लीजनसाठी सीझर शब्द वापरतो 'एक्स्पेदिते', म्हणजे पाय सुटलेल्या. 'इम्पेदीरे'च्या बरोबर उलट 'एक्स्पेदीरे' : गुंतलेला पाय मोकळा करणं. आज कचेऱ्यांतून 'फाइल जरा एक्सपेडाइट करा' असं जे म्हणतात, ते याच क्रियापदातून आलं. 'एक्सपिडिशन', म्हणजे मोहीम, हाही त्यातलाच.

तर तुमच्या उताऱ्यात इम्पेडिमेंटा म्हणजे फौजेचं जड सामान. पण 'सामानसुमान' हा शब्दही मला तिथं फिका वाटतो. सामानसुमान लग्नाच्या वऱ्हाडाचं असतं. मराठीत या अर्थाचा नेमका शब्द आहे आणि तो लढाईतूनच आलेला आहे : बुणगे. फौजेबरोबरचं जड सामान आणि ते सामान, बाजार, कुटुंबकबिला सांभाळत मागून चालणारी न लढणारी माणसं, हे सगळं बुणग्यात येतं. आज 'बाजारबुणगे' म्हणजे ऐरेगैरे, बिनकामाची गर्दी असा अर्थ उरला आहे, पण बखरींत आणि पेशवाईच्या पत्रांत तो फौजी शब्द आहे.

आणि हा शब्द समजून घ्यायला मराठवाड्याइतकी चांगली जमीन दुसरी नाही. १७२८ साली वैजापूरजवळ पालखेडला पहिल्या बाजीरावानं निजामुल्मुल्काला कोंडलं, ते मुख्यतः पायाच्या जोरावर. बाजीरावाची फौज घोड्यावरची, बुणग्याविना, आज इथं तर उद्या तिथं. निजामाची मदार जड तोफखान्यावर. बाजीराव त्याला मागं मागं ओढत राहिला, तोफा मागं पडत गेल्या, आणि शेवटी निजाम अशा जागी सापडला की दाणागोटा आणि पाणी दोन्ही तुटलं. मग पैठणजवळच्या मुंगी-शेवगावला तह झाला. तुमच्या उदगीरचं नाव तर इतिहासात आहेच. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेनं निजामाला तिथं नमवलं आणि दौलताबादसारखा किल्ला पदरात पाडून घेतला. पुढच्याच महिन्यात हेच भाऊ आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून उत्तरेकडं निघाले, पानिपतासाठी. त्या मोहिमेत बुणगे मोठे होते : बायका, मुलं, तीर्थयात्रेच्या ओढीनं निघालेली माणसं, व्यापारी. जड सामान आणि कुटुंबं मागं सुरक्षित ठेवून हलकं व्हावं, असा सूरजमल जाटाचा सल्ला होता. तो मानला गेला नाही. १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज छावणीबाहेर पडली, ती या न लढणाऱ्या माणसांना मध्ये घेऊन, गोल बांधून. ज्यांना जपायचं त्यांनीच पाय बांधलेले होते. पानिपतच्या पराभवाला कारणं अनेक आहेत, एका शब्दात ती मावणार नाहीत. पण इम्पेडिमेंटा म्हणजे काय हे ज्याला खरोखर कळून घ्यायचं आहे, त्यानं परतूर ते पानिपत ही वाट नकाशावर बोटानं चालून बघावी.

इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकन यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला संपत्तीवर लिहिताना हाच शब्द उचलला. त्याचं म्हणणं असं की सद्गुणाच्या लेखी संपत्ती म्हणजे फौजेचं सामान. ते टाकूनही देता येत नाही, पण त्यानं चाल मंदावते, आणि कधी कधी सामान सांभाळण्याच्या नादात विजय हातचा जातो. इंग्रजी शब्दापेक्षा रोमनांचा 'इम्पेदिमेंता' हाच शब्द इथं चपखल, असंही तो स्पष्ट म्हणतो. पुढं इंग्रजीत तो कुठल्याही बोजड पसाऱ्याला लागू झाला. प्रवासाला निघताना जी पोती, पिशव्या, डबे निघतात, त्यांना इंग्रज लेखक इम्पेडिमेंटा म्हणतात.

एकवचनी इम्पेडिमेंट इंग्रजीत त्याच्या आधीपासून, साधारण १४०० च्या सुमारापासून आहे, आणि तो रुळला मुख्यतः धर्म आणि कायद्यात. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात लग्नाच्या विधीत पाद्री विचारतो की या दोघांच्या विवाहाला काही इम्पेडिमेंट आहे का. म्हणजे आधीचं लग्न, जवळचं नातं, असं काही, जे बाहेरून दिसत नाही पण ज्यानं माणूस आधीच बांधलेला आहे. आपल्याकडच्या १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही वधूवरांनी 'लॉफुल इम्पेडिमेंट' माहीत नसल्याचं जाहीर करण्याची भाषा आहे. बोलताना जीभ अडखळते त्याला 'स्पीच इम्पेडिमेंट' म्हणतात. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही तसा प्रयोग आहे. बघा, दोन्हीकडं गाठ माणसाच्या ठायीच आहे, वाटेत काही पडलेलं नाही.

आता या शब्दाची भावकी. विद्यार्थ्यांना ती माहीत असली की दहा-पंधरा शब्द एकदम हाती येतात. संस्कृत 'पाद', लॅटिन 'पेद-', फारसी 'पा' आणि इंग्रजी 'फूट' हे एकाच घरातले. इंग्रजीच्या शाखेत जुन्या 'प'चा 'फ' झाला आणि 'द'चा 'ट'. पितृ आणि फादर, दश आणि टेन, पाद आणि फूट, असं लावून बघा, सगळं जुळतं. हा नियम याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडला आणि त्याच्याच नावानं तो ओळखला जातो. पायातल्या बेडीला इंग्रजीत 'फेटर' म्हणतात, तोही याच घरातला. बुद्धिबळातलं 'पॉन' लॅटिनच्या वाटेनं आलं आणि आपलं 'प्यादं' फारसीच्या, पण दोघंही पायी चालणारे शिपाई.

'इम्पीच'सुद्धा यातलाच, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. लॅटिन 'पेदिका' म्हणजे पायाला लागणारा फास किंवा बेडी. त्यावरून 'इम्पेदिकारे', मग जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'इम्पीच'. सुरुवातीला अर्थ फक्त अडवणं असा होता, आरोप ठेवण्याचा अर्थ नंतर आला. आपल्या संविधानात इम्पीचमेंट हा शब्द राष्ट्रपतींच्या बाबतीत आहे, अनुच्छेद ६१. न्यायाधीशांसाठी तिथं 'रिमूव्हल' हा शब्द आहे. परीक्षेत हे विचारतात, म्हणून जाता जाता सांगितलं.

एक सावधगिरी. 'पेड' दिसलं की पाय, असं धरून चालू नका. पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड यांत पाय आहे. पण पेडॅगॉजी आणि पेडिअॅट्रिक्समध्ये ग्रीक 'पाइस' म्हणजे मूल आहे, त्याचा पायाशी संबंध नाही.

आता भाषांतराचं. इम्पेडिमेंटला मराठीत रूपानं अगदी जुळणारा शब्द 'पायबंद'. फारसी 'पाय' आणि 'बंद', म्हणजे शब्दशः इम्पेदीरे. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पुढची अगाडी आणि मागची पिछाडी माहीत असते. मागच्या दोन्ही पायांना पट्टे आणि तिथून मागं खुंटीपर्यंत ताणलेले दोर. घोडा अंग हलवू शकतो, पायावरचा भार बदलू शकतो, पण लाथ मारू शकत नाही की उधळू शकत नाही. पण हा शब्द वापरताना जपा. मराठीत पायबंद वाईट गोष्टीला घालतात. 'गैरप्रकारांना पायबंद' शोभतं, 'शिक्षणाला पायबंद' कानाला खटकतं. इम्पेडिमेंटचं उलट आहे, तो चांगल्या कामाच्या आड येतो. म्हणून शब्दांची घडण सारखी असूनही बहुतेक वाक्यांत पायबंद चालणार नाही. तिथं 'खोडा' अधिक जवळचा. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचे भोकांचे लाकडी ओंडके, आणि 'कामात खोडा घालणे' हा प्रयोग जिवंत आहे. फक्त त्यात कुणीतरी मुद्दाम घातल्याची छटा येते. ओझ्याचा अर्थ असेल तर 'गळ्यातलं लोढणं'. दाराच्या आडण्यावरून आलेला 'अडसर', वाटेत आडवी धरलेली 'आडकाठी' हे शब्द ऑब्स्टॅकलच्या बाजूचे, समोर येणारे. 'हरकत'बद्दल आपल्या भागात विशेष सांगायला हवं, कारण आपल्या कानावर उर्दू रोज असते. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, कृती. मराठीत तीच हरकत हालचाल थांबवणारी झाली. निजामकाळातली उर्दू कागदपत्रं मराठीत आणणाऱ्यानं या शब्दापाशी दोनदा थांबावं.

हा फरक केवळ शब्दांचा खेळ म्हणून मी सांगत नाही. बीड, धाराशिव, जालन्याकडची कितीतरी कुटुंबं दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि ती उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. त्यांची मुलगी सहावीत असेल तर तीही बरोबर जाते, कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्या भावाला सांभाळायला. अशा मुलीच्या शिक्षणावर इंग्रजीत लिहिताना 'ऑब्स्टॅकल' लिहिणारा शाळा किती लांब आहे ते मोजेल, रस्ता आणि एसटी मागेल. ते मागायलाच हवं. पण तिच्या गावची शाळा बहुतेकदा घरापासून हाकेच्या अंतरावर असते आणि दारही उघडं असतं. तिचा पाय उचलीत बांधलेला आहे. इथं 'इम्पेडिमेंट' हाच शब्द खरा, आणि तो लिहिला की उपायही वेगळा सुचतो : मुलीला गावातच ठेवून घेणारं हंगामी वसतिगृह, फडाजवळची साखरशाळा, आणि मुळात ती उचल घ्यावी लागू नये अशी गावातली मजुरी. शब्द चुकीचा निवडला की माणूस चुकीच्या जागी खणत बसतो, हे मी निबंध तपासताना पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बाकीच्या जवळच्या शब्दांचं थोडक्यात सांगतो. 'हर्डल' म्हणजे मुळात विणलेल्या काटक्यांची ताटी, मेंढ्या कोंडायला वापरायची. ती ओलांडता येते, म्हणून हर्डलमध्ये पार होण्याची आशा गृहीत असते. 'हिंड्रन्स' खास इंग्रजी घडणीचा, 'मागे ठेवणं' या अर्थाचा, आणि तो सौम्य आहे. विजेच्या विद्यार्थ्यांना 'इम्पीडन्स' भेटतो. ऑलिव्हर हेविसाइडनं १८८६ मध्ये तो घडवला, प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधासाठी. स्पीकरच्या पाठीमागं '८ ओम' लिहिलेलं असतं ते त्याचंच माप.

परीक्षेपुरत्या आणखी काही गोष्टी. इम्पेडिमेंटनंतर 'टू' येतं : 'अॅन इम्पेडिमेंट टू प्रोग्रेस'. उच्चारात जोर 'पे'वर द्या. क्रियापद मात्र 'इम्पीड', तिथं 'पी' दीर्घ. इम्पेडिमेंटा हा इंग्रजीत अनेकवचनी शब्द आहे, त्याच्यापुढं क्रियापदही अनेकवचनी ठेवा. आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची आवृत्ती, इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. त्यात 'बुणगा', 'लोढणें' आणि 'पायबंद' हे तीन शब्द काढून बघा आणि मग तुमच्या उताऱ्याचं भाषांतर पुन्हा लिहून सरांना दाखवा.